ग्रँड हॉटेलातली स्टेनो

‘ग्रँड हॉटेल’ (१९३२) म्हटलं की आधी आठवते ग्रेटा गार्बो. तिच्याखेरीज जॉन आणि लायोनेल हे बॅरीमोर बंधू, जोन क्रॉफर्ड, वॉलेस बीरी अशी तगडी नावं एमजीएमच्या आयर्विंग थालबर्गने बर्लिनच्या एकाच हॉटेलात उतरवली. एकेकाच्या नावावर सिनेमा खपत असताना ही उधळपट्टीच होती! कथा व्हिकी बॉमच्या जर्मन कादंबरीवरची. त्या कादंबरीसाठी बाईंनी हॉटेलात मोलकरणीचं कामही केलं होतं.

थकलेली बॅले नर्तिका आणि तिचे मोती चोरायला आलेला कफल्लक बॅरन यांचं प्रेम हा सिनेमाचा गाजलेला धागा. खरं सांगायचं तर आज तो बराच नाटकी वाटतो. गार्बोचे हातवारे थेट मूकपटातून आल्यासारखे.

सिनेमाचा जीव आहे क्रॉफर्डने रंगवलेल्या फ्लेमशेन या स्टेनोत. कारखानदार प्रायसिंग तिला डिक्टेशनला बोलावतो आणि पुढे आपल्याबरोबर इंग्लंडला चल म्हणतो. त्यामागचा अर्थ तिला पुरता कळतो. क्रॉफर्ड ना लाजते, ना डोळ्यांत पाणी आणते. हिशेब मांडावा तशी ती होकार देते. नोकऱ्यांचं दुर्भिक्ष असलेल्या मंदीच्या काळात हे तिकीट काढून आलेल्या बायकांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार.

दुसरा असाच माणूस क्रिंगेलाइन. प्रायसिंगच्याच कारखान्यातला हा आजारी हिशेबनीस उरलेले दिवस ऐषारामात घालवायला आयुष्यभराची पुंजी घेऊन आलाय. पत्त्यांत जिंकून, दारू पिऊन तो कोसळतो आणि बॅरन त्याचं पाकीट लांबवतो. शुद्धीवर आल्यावर म्हातारा कासावीस होऊन ते शोधू लागतो. बॅरनला ते बघवत नाही. पाकीट आत्ताच सापडल्याचं सोंग करून तो ते परत देतो. दोन मिनिटांत चोर आणि सज्जन एकाच चेहऱ्यावर दिसतात. नर्तिकेशी केलेल्या प्रणयापेक्षा जॉन बॅरीमोर इथे भाव खाऊन जातो.

शेवटी क्रिंगेलाइनबरोबर पॅरिसला निघते तीही फ्लेमशेनच. त्यात माया किती आणि पैसा किती, याची चौकशी दिग्दर्शक एडमंड गूल्डिंग करत नाही.

‘ग्रँड हॉटेल’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण इतर एकाही विभागात साधं नामांकनसुद्धा नव्हतं. अभिनयाच्या यादीत क्रॉफर्डचं नाव नसावं, ही मात्र सरळसरळ नजरचूक. तिला ऑस्कर मिळालं ते १९४५च्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’साठी.