आईचे दूध अमृत. मग आईच्या ताटाचे काय?

दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहानिमित्त ‘आईचे दूध हेच अमृत’ ही घोषणा देशभर दुमदुमते. घोषणा खरी आहे. परंतु ते अमृत ज्या देहात निर्माण होते, त्याच्या पोषणाविषयी बाळगलेले मौन अक्षम्य आहे.

‘आई कशीही असो, दूध पुरेसेच असते’ हा युक्तिवाद अर्धसत्य आहे. आहार बेताचा असला तरी दुधाचे प्रमाण व त्यातील ऊर्जा सहसा फारशी घटत नाही, हे खरे. मात्र बी-१२, थायमिन, अ जीवनसत्त्व आणि आयोडीन यांची आईला उणीव असेल, तर तीच दुधातही उतरते. कॅल्शियम टिकते, पण त्याची काही भरपाई आईची हाडे करतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीदरम्यान पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान मिळणाऱ्या बालकांचे प्रमाण ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले. त्याच काळात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण ५३ वरून ५७ टक्के झाले. पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली आढळली. बाळ आईचे दूध पिते आहे. आई मात्र अधिक अशक्त होते आहे.

उपाय अज्ञात नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात गरोदरपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः मोठी आढळली. बंगळुरूतील प्रयोगात गरोदरपणापासून बी-१२ दिल्यावर दुधातील त्याचे प्रमाण वाढले. म्हणजे आईच्या ताटात वाढलेले बाळापर्यंत पोहोचते.

याचा अर्थ पावडरच्या दुधाची भलामण असा कोणी काढू नये. त्या जाहिरातबाजीला १९९२च्या कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. प्रश्न शासनाच्या हिशेबाचा आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांवर आणला. पुढे दुसऱ्या अपत्यासाठी दार उघडले, तेही मुलगी झाली तरच. दुसऱ्या मुलाला पाजणाऱ्या आईला भूक लागत नाही काय?

अंगणवाडीत बाळाचे वजन दरमहा नोंदले जाते. त्याच नोंदवहीत आईचे वजन, तिचे हिमोग्लोबिन आणि तिच्या ताटातील अन्न यांनाही रकाना हवा. तोवर अमृताच्या घोषणा म्हणजे आईच्याच देहावर काढलेले कर्ज होय.