खेळांतील देवघेव व नियमांचा बदल

गेल्या सहामाही परीक्षेच्या सुमारास नववीचा एक मुलगा मधल्या सुटींत आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, खेळ चालू असतां खेळवणाऱ्यानें नियम बदलला, तर ती फसवणूक होते कीं नाहीं?" प्रश्न क्रिकेटचा असावा असें वाटून फळा पुसतां पुसतां आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. मागाहून कळलें कीं, तो मोबाईलवरील एका ऑनलाइन खेळाविषयीं बोलत होता. चार महिने खपून त्यानें त्या खेळांत कांहीं दुर्मिळ वस्तु जमविल्या होत्या. त्यांतील एक धाकट्या मावसभावास वाढदिवसाची भेट म्हणून द्यावी असा त्याचा बेत होता. परंतु आदल्याच रात्रीं खेळाच्या मालकांनीं वस्तूंची देवघेव बंद केली. "अभ्यास कर, म्हणजे असलीं दुःखें होणार नाहींत," हें वाक्य आमच्या अगदीं ओठांवर आलें होतें. तें आम्हीं गिळलें हें बरें झालें. कारण प्रश्न आम्हांस वाटला होता तितका उथळ नव्हता, आणि त्याचा कांहीं भाग खुद्द आम्हांसही लागू होता.

ज्या पालकांस हे खेळ अपरिचित आहेत त्यांच्यासाठीं एका जुन्या व प्रसिद्ध खेळाची हकीकत सांगतों. रूनस्केप नांवाचा खेळ २००१ सालीं इंग्लंडांत निघाला. त्यांत खेळाडू खाणींतून धातु काढतो, झाडें तोडतो, मासे धरतो, लोहाराप्रमाणें चिलखतें घडवितो, आणि जें आपणांस नको तें दुसऱ्यास विकतो. पहिल्या कांहीं वर्षांत तेथें बाजाराची सोय अशी नव्हतीच. वॅरॉक नामक नगरांत पेढीपुढें गर्दी करून खेळाडू आपापल्या मालाचा पुकारा करीत; आपल्याकडील आठवड्याचा बाजारच तो! तेथें भाव करावा, क्वचित् फसावें, शहाणें व्हावें. एखादा उदार खेळाडू नवख्याच्या हातीं तलवार ठेवून नांव न सांगतां निघून जाई. २००१ च्या नाताळांत मालकांनीं खेळांत क्रॅकर वांटले. दोघांनीं मिळून क्रॅकर ओढला कीं आंतून एक कागदी टोपी निघे. टोपीचा उपयोग शून्य. पण वांटप तेवढ्यावरच थांबल्यामुळें, फुकट मिळालेल्या ह्या टोप्या पुढें अतिशय महाग ठरल्या. मनुष्यस्वभाव इंग्लंडांत काय किंवा आमच्या शाळेच्या आवारांत काय, सारखाच.

जेथें बाजार तेथें लबाडही येणारच. कित्येक लोक खेळांतील सोन्याची नाणीं खऱ्या पैशानें विकूं लागले. हीं नाणीं जमविण्यासाठीं ते यंत्राकरवीं चालणारे शेंकडों खोटे खेळाडू उभे करीत, व त्यांची वर्गणी पुष्कळदां चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर भरीत. चोरी उघड झाली कीं ती रक्कम कंपनीस परत करावी लागे. जॅगेक्स ह्या मालक कंपनीनें अखेर कठोर उपाय योजला. २००७ च्या नोव्हेंबरांत तिनें एक मध्यवर्ती बाजारपेठ उघडली, आणि त्या डिसेंबरापासून नव्या वर्षाच्या आरंभापर्यंत एकामागून एक निर्बंध घातले. दोघांच्या सौद्यांत दोन्ही बाजूंच्या मालाची किंमत जवळजवळ समान असलीच पाहिजे असें ठरलें. म्हणजे चोरांचा व्यवहार अडला. परंतु त्याबरोबर मोठें दान देणेंही अशक्य झालें. थोरल्या भावानें धाकट्यास चिलखत द्यावयाचें म्हटलें तरी धाकट्यानें तेवढ्याच किमतीचें कांहीं परत दिलें पाहिजे, असा हा कायदा!

शुभवर्तमानांतील निदणाचा दृष्टांत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. शेतांत गव्हाबरोबर निदण उगवलेलें पाहून चाकर तें उपटावयास निघतात; पण निदणाबरोबर गहूंही उपटला जाईल म्हणून धनी त्यांस थांबवितो. कंपनीचे चाकर मात्र थांबले नाहींत.

निर्बंधांचा परिणाम पाहण्यासारखा झाला. नव्या बाजारपेठेंत प्रत्येक वस्तूचा एक अधिकृत भाव असे, व त्याच्या शेंकडा ५ वर किंवा खालींच बोली करतां येई. ज्या वस्तूंचा खरा भाव याहून पुष्कळ अधिक, त्या उघडपणें कोणी विकीना. मग युक्ति निघाली. खरेदीदार अधिकृत भावानें नाणीं देई, आणि वरची रक्कम भरून काढण्यास ज्यांस गिऱ्हाईक नाहीं, पण ज्यांचा कागदोपत्रीं भाव मोठा, अशा टाकाऊ वस्तूंची रास सौद्यांत घाली. कागदी टोप्यांचे व्यवहार असेच होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं भावनियंत्रण आलें व त्याच्या पाठोपाठ काळा बाजार आला, ही गोष्ट ज्यांनीं आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकली आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. शिवाय पेढीपुढील तो पुकारा मंदावला. माल पेटींत टाकावा व निघून जावें. कोणाशीं बोलण्याचें कारणच उरलें नाहीं. सोय वाढली, सोबत कमी झाली.

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं मुलें क्रिकेटपटूंच्या चित्रांचीं कार्डें शाळेंत आणून अदलाबदल करीत. आठवीच्या एका मुलानें पांचवीतील मुलाचें मोलाचें कार्ड एका फाटक्या कार्डाच्या मोबदल्यांत घेतलें. मुलाची आई तक्रार घेऊन आली. आणि आम्हीं त्याच दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं अदलाबदल सर्वस्वीं बंद केल्याचें जाहीर केलें. त्यानंतर आठवड्याभरांत सांपडलेला पहिला गुन्हेगार कोण असावा? आजारानें महिनाभर घरीं असलेल्या सोबत्यास द्यावयासाठीं सात कार्डें दप्तरांत ठेवणारा एक मुलगा. आम्हीं तीं जप्त केलीं. आठवीच्या त्या मुलाचा धंदा मात्र फाटकाबाहेर, बसच्या थांब्यामागें, निर्वेध चालू होता, हें आम्हांस पुढें शिपायाकडून समजलें.

रूनस्केपच्या मालकांनीं आपली चूक तीन वर्षांनीं सुधारली, आणि जी रीत त्यांनीं अवलंबिली ती आम्हांस विशेष आवडते. त्यांनीं खेळाडूंचें मत मागविलें. बारा लाखांच्या वर मतें पडलीं. त्यांत शेंकडा ९१ मोकळ्या देवघेवीच्या बाजूचीं होतीं. १ फेब्रुवारी २०११ रोजीं निर्बंध उठले. लबाड परत आले नाहींत काय? आले, झुंडीनें आले, व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम काढावी लागली. स्वातंत्र्य फुकट मिळत नाहीं. परंतु ह्या वेळीं शोध लबाडाचा झाला, देणाऱ्याचे हात बांधले गेले नाहींत. पुढें २०१३ सालीं त्यांनीं २००७ मधील जुना खेळही वेगळा सुरू केला, व त्यांत भर घालावयाची तर खेळाडूंपैकीं शेंकडा ७५ लोकांची संमति हवी असें ठेविलें. २०२२ पासून ती अट ७० वर आली. मौज अशी कीं, ह्याच खेळाडूंनीं २०१५ सालीं मत देऊन मध्यवर्ती बाजारपेठ आपण होऊन मागून घेतली! लादलेली नकोशी झाली होती, मागितलेली चालली.

कोणी म्हणेल, मग देवघेव सदैव मोकळीच असावी. तसेंही नाहीं. डायब्लो नांवाच्या खेळाचा तिसरा भाग २०१२ सालीं निघाला. (नांवाचा अर्थ सैतान, आम्हीं तें ठेविलेलें नाहीं.) त्यांत राक्षस मारून शस्त्रें मिळवावयाचीं, पण कंपनीनें लिलावघर उघडून खऱ्या पैशानेंही तीं विकत घेण्याची सोय केली. मग राक्षस कोण मारील? ह्या सोयीनें खेळाचा गाभाच पोखरला जातो, हें कंपनीनें स्वतः मान्य केलें व १८ मार्च २०१४ रोजीं लिलावघर बंद केलें. त्यानंतर उत्तम शस्त्रें सोबत खेळणाऱ्यांसच, आणि तींही दोन तासांच्या आंत देतां येऊं लागलीं. बाजार संपला, ज्यानें खांद्याला खांदा लावून लढावें त्यास देण्याची मुभा राहिली. हा निर्बंध आम्हांस योग्य वाटतो. (पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस आपल्या संसदेनें २०२५ सालीं कायद्यानें मनाई केली, तो विषय निराळा, आणि त्याविषयीं पालकांनीं घरीं स्पष्ट बोलावें.)

नववीच्या त्या मुलास आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलावून हें सर्व सांगितलें. नियम बदलण्याचा मालकांस अधिकार आहे, पण तुला न विचारतां व न कळवितां बदलला हें बरें केलें नाहीं, असें म्हटलें. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "सर, आणि कार्डांचा नियम?"

तीं सात कार्डें आमच्या टेबलाच्या खणांत होतीं. तीं त्याच दिवशीं ज्याचीं त्यास परत केलीं. येत्या जूनमध्यें शाळा उघडली म्हणजे कार्डांच्या नियमाविषयीं प्रत्येक वर्गाचें मत चिठ्ठ्या टाकून घेण्याचें आम्हीं ठरविलें आहे, व चिठ्ठ्या प्रथम पांचवीच्या उघडावयाच्या आहेत.