गळून पडलेले कडवे

१४ एप्रिल जवळ आला की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर भीमगीतांना भरती येते. कॅसेटच्या काळातील ती गाणी पुन्हा ऐकताना आम्हीही हरखून जातो. त्यात गैर काहीच नाही. खटकते ते एवढेच, की स्टेटसला गाण्याचा छोटासा तुकडा पुरतो आणि शेवटचे कडवे गळून पडते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आपले नाव अनेकदा तेथेच गुंफत. इतिहासाच्या भाषेत, सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या या लोककवीची ती सहीच होय. कॅसेटच्या वेष्टनावर निदान बारीक अक्षरांत नावे तरी असत. आता मुलांना विचारावे, तर गाणे पाठ, कवी अज्ञात! यंदा गाणे पूर्ण पाठवावे आणि खाली कवी-गायकांची नावे लिहावीत, एवढी आमची विनंती आहे.