फन फ्रायडे नको, सलग तीन तास द्या

आयटी कंपन्यांना आपल्या माणसांच्या आनंदाची फार काळजी असते. ही काळजी बहुतेक वेळा शुक्रवारी दुपारी चार वाजता पिझ्झ्याच्या खोक्यांतून येते. मग अंताक्षरी, संगीतखुर्ची, सेल्फी. ज्याचं रिलीज सहाला आहे तो एका हातात पिझ्झा धरून दुसऱ्या हाताने बिल्ड कुठे अडकलंय ते बघत असतो. त्याचाही फोटो लिंक्डइनवर चढतो, हसरा.

माझा आक्षेप पिझ्झ्यावर नाही. भाजी करपली तर वरून कोथिंबीर भुरभुरवून भागत नाही, एवढंच म्हणणं आहे. कामातली मजा कामाच्या आत असते किंवा नसते. ती असेल की नाही हे तुमच्या स्वभावावर कमी आणि काम कसं मांडलंय यावर जास्त ठरतं. गंमत म्हणजे ही मांडणी ज्यांच्या हातात आहे, तेच आपल्याला 'माइंडसेट बदला' म्हणून सांगतात.

या माइंडसेटवाल्या व्याख्यानांत कधी कधी आपली आजीही येते. बायका दळताना ओव्या म्हणायच्या, म्हणून त्यांना कष्ट जाणवायचे नाहीत; तुम्हीही कामात तुमचं गाणं शोधा, वगैरे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे आणि बाईच्या जन्माचं दुःखही भरपूर आहे. कष्ट जाणवत नसते तर ते दुःख तिथे आलंच नसतं. पहाटे घर झोपलेलं असायचं, जात्याचा खुंटा आपल्या हातात, वेग आपला, समोर बसली तर दुसरी बाईच. गाणं तिथून आलं. आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्याच बायकांनी दळणाचा डबा उचलला आणि गिरणीची वाट धरली. ओव्या बुडतील म्हणून जातं ओढत बसल्या नाहीत. टाळता येणारे कष्ट आधी टाळावेत, गाण्याचं नंतर बघू, हे शहाणपण व्याख्यानातल्या आजीकडे नसतं. खऱ्या आजीकडे होतं.

दुसरं हमखास येणारं नाव म्हणजे मिहाय चिक्सेंटमिहाय आणि त्यांचं १९९० चं 'फ्लो' हे पुस्तक. 'तुमचा फ्लो शोधा' असं सांगून स्लाइड पुढे सरकते. पण त्यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर केलेला आणि १९८९ मध्ये छापलेला अभ्यास मात्र सहसा कोणी दाखवत नाही. नोकरदार माणसांना पेजर दिले होते. दिवसभरात तो केव्हाही वाजायचा आणि वाजला की आत्ता काय करतोय, कसं वाटतंय, ते लिहायचं. रंगून जाण्याचे क्षण मोकळ्या वेळेपेक्षा कामावर कितीतरी जास्त निघाले. म्हणजे माणूस मुळात कामचुकार नाही. काम रंगतं. फक्त त्याला अटी आहेत: काय करायचंय ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही ते लगेच कळायला हवं आणि काम आपल्या कुवतीला थोडं ताण देणारं हवं. या अटी ध्यान लावून पूर्ण होत नाहीत. त्या कामातच असाव्या लागतात.

आता आमचा धंदा बघा. कोड लिहिला, चालवला, टेस्ट हिरवी झाली की लाल, हे काही सेकंदांत कळतं. इतकं लगेच उत्तर देणारं काम फार थोड्या लोकांच्या वाट्याला येतं. असं काम कंटाळवाणं करायला खरं तर मेहनत लागते. ती मेहनत आपल्याकडे मन लावून केली जाते.

साडेदहाला स्टँडअप, साडेअकराला सिंक, सव्वाबाराला 'फक्त पाच मिनिटं'. पॉल ग्रॅहमने २००९ मध्येच लिहून ठेवलंय की मॅनेजरचा दिवस तासातासाचा असतो आणि बनवणाऱ्याचा दिवस अर्ध्या अर्ध्या दिवसाचा; मधोमध एक मीटिंग पडली की दुपारचे दोन निकामी तुकडे होतात. मोठी रक्कम मोजणाऱ्याला मध्येच 'किती वाजले हो?' विचारलं, तर वेळ सांगून तो पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरुवात करतो. आम्ही दिवसभर पहिली नोट मोजत असतो. संध्याकाळी सहानंतर सगळे शांत झाले की खरं काम सुरू होतं आणि मग लोक म्हणतात, आयटीवाले फार उशिरापर्यंत काम करतात बुवा.

नारायण मूर्तींचे ७० तास २०२३ मध्ये आले, एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तास २०२५ मध्ये. देशभर तासांवर भांडण झालं. त्या तासांत काम किती आणि कामाबद्दलच्या मीटिंगा किती, हा हिशोब बाजूलाच राहिला.

दुसरी गोष्ट थांबवण्याच्या हक्काची. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोष दिसला की दोरी ओढता येते. लगेच टीम लीडर येतो आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. आमच्या क्षेत्राने त्याच टोयोटाकडून कानबान बोर्ड आणला, रंगीत कार्डं आणली. दोरी तेवढी तिकडेच राहिली. आमच्याकडे बग दिसला की 'पुढच्या रिलीजला बघू'. आपण वाईट वस्तू बनवतोय हे दिसत असूनही ती पुढे सरकवत राहण्याइतकं माणसाला आतून पोखरणारं दुसरं काही नसेल. त्यावर कुठलंही मेडिटेशन ॲप चालत नाही.

तिसरी गोष्ट, आपलं काम कोण वापरतं ते दिसणं. आम्ही गोदामातल्या मालाची मोजणी करायचं एक ॲप बनवतो. एकदा गोदामात जायची संधी मिळाली. तिथल्या ताई शेजारी कॅल्क्युलेटर ठेवून काम करत होत्या. माल यायचा खोक्यांत, ॲप मागायचं नग. त्या दिवसभर २४ ने गुणाकार करत होत्या. खोक्यांचा रकाना टाकायला मला दोन तास लागले. त्यांनी कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या वर्षात इतकी मजा दुसऱ्या कुठल्या कामात आली नाही आणि हे काम कुठल्याही तिकिटावर नव्हतं.

यावर एक नेहमीचं उत्तर आहे: एसीत बसून लाखांत पगार घेता, वर मजा पण पाहिजे? उन्हात पार्सल पोचवणाऱ्या पोराला विचारा. जरूर विचारा. त्याचा वेग ॲप ठरवतं, रस्ता ॲप ठरवतं, चूक दुकानाची असली तरी स्टार त्याचे जातात. त्याचं दुखणं आमच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, पण जात तीच आहे: खुंटा दुसऱ्याच्या हातात. त्याच्याकडे बोट दाखवून मला गप्प केल्याने त्याचं ऊन कमी होत नाही. कामाच्या मांडणीबद्दल बोलायची सवय लागली तर दोघांचंही भलं होईल.

म्हणून मागण्या साध्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस सकाळी दहा ते एक अख्ख्या टीमचं कॅलेंडर बंद. एकट्याने बंद केलं तर तो आळशी ठरतो, म्हणून सगळ्यांचं. प्रत्येक स्प्रिंटमध्ये एक दिवस फक्त जुन्या बगांचा. दर तीन महिन्यांनी, वापरणाऱ्या माणसाशेजारी बसून अर्धा दिवस. यातल्या एकाही गोष्टीला पिझ्झ्याइतका खर्च येत नाही.

पुढच्या वेळी एचआरचा आनंदाचा सर्व्हे आला की स्मायली निवडून मोकळे होऊ नका. शेवटी 'इतर सूचना' नावाचा एक रिकामा चौकोन असतो. त्यात लिहा: मंगळवारी दहा ते एक कुणी बोलावू नका. टीममधल्या आठही जणांनी हेच वाक्य लिहिलं, तर तो माइंडसेटचा प्रश्न राहणार नाही.