रोजचा उलाँग

फ्रीलान्सरचा अर्धा महिना पेमेंटची वाट बघण्यात जातो. त्यात चहाचे शौक कसले करणार? तरी मी उलाँगमध्ये पुरती अडकलेय.

उलाँग म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला प्रकार, पान अर्धवटच ऑक्सिडाइज केलेलं. माझा रोजचा तिएगुआनयिन, चीनच्या फूजियान प्रांतातल्या आन्शीचा. घट्ट वळलेल्या हिरव्या गोळ्या असतात. 100 ग्रॅमचा भाव ऐकून पहिल्यांदा दुकानातून सरळ परत फिरले होते. मग कपामागे हिशोब केला. 5 ग्रॅम पानं, 150 मिली उकळून किंचित निवलेलं पाणी, 30 सेकंद. पाणी पूर्ण गाळून घ्यायचं, पानं तशीच ठेवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा पाणी. असं चार वेळा तरी सहज. म्हणजे 100 ग्रॅममध्ये 80 छोटे कप! सकाळची पानं संध्याकाळच्या डेडलाइनपर्यंत साथ देतात. दुसरा कप सॉलिड, गोळी उलगडते आणि फुलांचा वास तेव्हाच सुटतो. (डिप-डिपच्या पिशवीत तिला उलगडायला जागाच नसते.)

दूध? प्लीज, नको.

आई म्हणायची, ‘‘नुसतं गरम पाणी पितेस.’’ काल तिनेच दुसरा कप मागितला. साखर घालून.