सळईने उघडलेली वाट

जुन्नर-आंबेगावकडे पुरुषाची लघवी अडली की निदान आधी घरातच होतं: उन्हाळी लागली, नाहीतर मुतखडा. धन्याचं पाणी होतं, पळसाच्या फुलांचा शेक होतो. धार बारीक होत होत एक दिवस पूर्ण थांबते तेव्हा दवाखाना गाठला जातो. तिथे सळई घालून मूत्रमार्ग रुंद करतात किंवा दुर्बिणीतून त्याचं आकुंचन कापतात. धार मोकळी होते, माणूस घरी येतो. काही महिन्यांनी तेच पुन्हा. यावर गावातलं शहाणपण ठरलेलं असतं: "मोठ्या ऑपरेशनची जोखीम कशाला? अडली की उघडून घ्यायची."

हे शहाणपण अर्धंच खरं आहे. मूत्रमार्गाचा निरुंद भाग म्हणजे वण. सळईने तो फाटतो, पात्याने चिरला जातो, आणि ती नवी जखम पुन्हा वणानेच भरते. आकुंचन आखूड, दोन सेंटीमीटरच्या आतलं, आणि उपचार पहिलाच असेल तर दुर्बिणीचा मार्ग रास्त. तिथे माझा वाद नाही. वाद दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून सुरू होतो. एकदा हा उपाय फसल्यावर तोच पुन्हा करण्याऐवजी मूत्रमार्गाची पुनर्रचना, म्हणजेच ते 'मोठं ऑपरेशन', सुचवावी, असं अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

विरोधकांच्या हाती एक खरा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये आकुंचन परतलेल्या २२२ पुरुषांवर झालेल्या 'ओपन' चाचणीत दोन वर्षांत लघवीच्या त्रासातला आराम दुर्बिणीतून कापणं आणि पुनर्रचना या दोन्ही उपचारांनी जवळपास सारखाच दिसला. पण पुन्हा उपचार करावा लागण्याचं प्रमाण पुनर्रचनेनंतर सुमारे निम्मं होतं. ज्याला पुण्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

शिवाय सगळी आकुंचनं एका जातीची नसतात. पश्चिमेच्या डोंगरात हिरडा काढताना फांदीवर दोन्ही बाजूंना पाय पडून आपटलेल्या माणसाचा मार्ग थोडक्या जागेत चिरडतो. तेवढा भाग कापून टोकं जोडता येतात, आणि या जोडणीचं यश बहुतेकांत टिकतं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या अपघातात कमरेचं हाड मोडून मार्ग तुटला असेल, तर तिथे आंधळेपणाने सळई सारणं म्हणजे खोटी वाट पाडणं. अशा वेळी पोटातून नळी ठेवून साधारण तीन महिने थांबतात, मग दुरुस्ती.

आकुंचन लांबलचक असेल तर गालाच्या आतल्या बाजूची त्वचा लावतात. तिला केस नसतात, ओलाव्याची सवय असते. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीचे ग्वीदो बार्बाल्यी यांच्यासह २००९ मध्ये मांडलेली पद्धत इथे महत्त्वाची: अंडकोशामागून छेद घ्यायचा, मार्ग एकाच बाजूने सोडवायचा, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा आणि नसा तशाच ठेवायच्या. लिंगावर छेद लागत नाही. जगभरचे शल्यविशारद ज्या शहराची पद्धत अभ्यासतात, त्या शहरापासून दोन-अडीच तासांवर राहून आपण सळईवर समाधान मानावं, हे विचित्रच.

"पुरुषत्व जातं" ही भीती कुजबुजीत सर्वांत जास्त काम करते. काहींना ऑपरेशननंतर ताठरतेची अडचण येते, हे खरं. बहुतेकांची ती काही महिन्यांत निवळते. कमरेच्या हाडाच्या अपघातात मात्र नस आधीच दुखावलेली असू शकते, आणि दोष पुढे ऑपरेशनच्या माथी जातो. लघवीनंतर थेंब गळणं मागे राहू शकतं. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. नळी दोन-तीन आठवडे असते, तेव्हा टोमॅटोच्या तोडणीत तारीख घेऊ नये. रंगद्रव्य घालून काढलेला एक्स-रे पाहिल्याशिवाय होकारही देऊ नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

एक अडथळा मात्र आपणच उभा करतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो. गुटख्या-सुपारीने गाल आतून ताठ होऊन तोंड उघडेनासं झालं, तर तिथली त्वचा मूत्रमार्गाला लावायच्या कामी येत नाही. म्हणून लघवीची तक्रार घेऊन आलेल्याला जाणता सर्जन आधी तोंड उघडायला सांगतो.