घाटात चुकला गिअर...

कपिलधारचा धबधबा मनसोक्त पाहून, मन्मथस्वामींच्या समाधीला हात जोडून आम्ही बीडकडे परत निघालो होतो. मांजरसुंब्याचा उतार, मोकळा रस्ता, मित्राची जुनी टर्बो कार, आणि साहेबांनी पाचव्यातून चौथा टाकायला जाऊन दुसरा टाकला! इंजिन किंचाळलं, काटा लाल पट्टीच्या पार. मग टिक-टिक-टिक... आणि गाडी थरथरायला लागली.

‘अरे, रेव्ह लिमिटर असतो ना?’ बाजूला थांबल्यावर तो म्हणाला. असतो यार, पण तो फक्त इंधन तोडतो. इथे तर चाकंच इंजिनाला फिरवत होती!

जरा बॉनेटखाली डोकावू या. ६,००० आरपीएमला प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. कॅम त्याला ढकलून उघडतो, बंद करायची जबाबदारी मात्र बिचाऱ्या स्प्रिंगची. वेग हाताबाहेर गेला की स्प्रिंगला दम लागतो, वॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि खालून येणारा पिस्टन थेट त्याच्यावर आदळतो.

मग कडक स्प्रिंग टाका की! मॉडिफिकेशनवाले हेच सुचवतात, आणि इथेच खिसा कापला जातो. स्प्रिंग जितकी कडक, तितकी कॅम आणि टॅपेटची झीज जास्त. आधी वॉल्व्ह आणि त्याच्यासोबत हलणारं सगळं हलकं करायचं, स्प्रिंग लागेल तेवढीच कडक. रेसिंगमध्ये टायटॅनियमचे वॉल्व्ह येतात ते यासाठीच. रेनोने तर १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनातून धातूच्या स्प्रिंगच काढल्या आणि ते काम दाबाखालच्या वायूला दिलं!

आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जुळवलेली २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आठवते? सिलिंडरला ५ वॉल्व्ह, एकूण २०. छोटे आणि हलके. पण लाडही तेवढेच: टायमिंग बेल्ट वेळेवर, ऑइलही वेळेवर, कारण तिचे हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबावरच जगतात.

असो. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने ‘जाड ऑइल टाका, आवाज जाईल’ असं सांगितलं. मित्र किल्ली फिरवणारच होता, मी ती काढून खिशात टाकली. भांडण झालं. जोरदार! टोइंगवाला येईपर्यंत आम्ही बोलत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सिलिंडरमध्ये हवा भरून बघितली, तर ती सायलेन्सरमधून फुसफुसत बाहेर. एक्झॉस्टचे दोन वॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर नुसते ओरखडे. तशीच दामटली असती, तर वॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं असतं आणि पूर्ण इंजिन भंगारात!

पुढच्या पावसाळ्यात कपिलधारला पुन्हा जायचंय. गिअर मी टाकणार.